ताईंच्या शेताखालचा झरा

वहिनी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिची थोरली नणंद, म्हणजे ताई, गाई पाळायच्या. दोघींचं छान जमायचं, कारण एकमेकींच्या कामात नाक खुपसायचं नाही हे दोघींनीही पाळलं होतं.

ताईंचं शेत उतारावर. त्याच्या पायथ्याशी ओढा आणि ओढ्याच्या शेवटी तळं. त्या उन्हाळ्यात तळ्यावर जाड हिरवं शेवाळ धरलं, वास सुटला आणि लोक ताईंच्या शेणखताच्या ढिगाकडे बोट दाखवू लागले. ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी वहिनीला फोन लावला.

"तूच ये बाटल्या घेऊन. माझ्या ढिगातून थेंब जरी ओढ्यात जात असेल, तर नाव बदलीन."

"आणि खरंच जात असला तर? माझ्याशी अबोला नाही ना धरणार?"

"धरीन की. पण चहा पाजून धरीन."

रविवारी दोघी ओढ्याकाठानं चालू लागल्या. शेवाळ वाढतं ते स्फुरदावर, म्हणजे खताच्या गोणीवर फॉस्फरस लिहिलेलं असतं त्यावर. वहिनी छोट्या नळीत पाणी घ्यायची आणि त्यात औषधाचे थेंब सोडायची. स्फुरद असेल तर पाणी निळं व्हायचं; जितकं जास्त, तितकं गडद. शेताच्या वरच्या अंगाला पाणी जेमतेम निळसर झालं. ढिगाजवळही तेवढंच. ढिगाखाली सिमेंट होतं, भोवती कठडा होता.

"बघ!" ताई म्हणाल्या. "उगाच साप साप म्हणून भुई धोपटतात."

खालच्या शेताच्या टोकाला दगडांतून एक झरा ओढ्यात उतरत होता. पाणी इतकं नितळ, की तळाची वाळू मोजून घ्यावी. त्या पाण्यानं भरलेली नळी बघता बघता शाईसारखी झाली.

ताईंनी नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली. मग हळूच म्हणाल्या, "पुन्हा कर."

पुन्हा तेच.

वहिनीनं खालच्या शेतात खोलवर गिरमिट घातलं आणि वेगवेगळ्या थरांची माती पिशव्यांत भरून नेली. आठवडाभरानं ती परत आली, तेव्हा ताईंनी गोठ्यातच बादली पालथी घालून तिला बसायला दिली.

"ढिगाचा दोष नाही, ताई. शेताचा आहे. माती स्फुरद धरून ठेवते, सहसा सोडत नाही. पण खालची जमीन रेताड, आणि तिला तुमच्या सासऱ्यांच्या काळापासून खत मिळतंय. तिचं पोट भरलंय. आता वाढाल ते पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि झऱ्यातून बाहेर येतं."

ताईंना ते लागलं. गोठ्याला लागून म्हणून त्या तुकड्याला त्यांनी कधी काही कमी पडू दिलं नव्हतं.

"म्हणजे लाडानं बिघडवलं म्हण की," त्या अखेर म्हणाल्या. "आणि वरचा चिकणमातीचा तुकडा राहिला उपाशी. तिथवर गाडा ओढायचा कंटाळा, दुसरं काय!"

त्यांनी अबोला धरला नाही. उलट तळ्याकाठच्या बैठकीत स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. खालच्या शेतात खत बंद, तिथं गवत पेरायचं. ते कापून गाईंना घातलं, की मातीतलं स्फुरद गवताबरोबर बाहेर निघणार. खत जाणार वरच्या तुकड्यात.

"मग तळं कधी साफ होणार?" कुणीतरी विचारलं.

"वर्षं लागतील," वहिनीनं खरं ते सांगितलं. "जमिनीखालचं पाणी आपल्या चालीनं चालतं. आणि तळ्याच्या गाळातही बरंच साठलंय."

लोक कुरकुरले, पण बोटं दाखवायचं थांबलं. काही वर्षांनी झऱ्याचा रंग थोडा उतरला. तळं कडक उन्हाळ्यात अजून हिरवं व्हायचं, पण वास नव्हता आणि बदकं परतली होती. ताई आता दर ऋतूला वहिनीची वाट बघायच्या आणि ती आली, की आधी तिला वरच्या शेताकडे ओढून न्यायच्या.

तिथं मका माणसापेक्षा उंच झाला होता. ताईंचे यजमान त्यात शिरले होते आणि आतून नुसता त्यांचा आवाज येत होता, "अगं, बांध कुठल्या बाजूला आहे?"

"शोधा तुम्हीच!" ताई ओरडल्या आणि वहिनीचा हात धरून पोटभर हसल्या.