इस्माईल मिस्त्रीच्या बापाचं नाव

माझी चूक कुणी दाखवली की मला राग येतो. रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून पंधरा वर्षं काढली की माणूस असा होतो. काटा दाखवतो ते खरं, बाकी गप्पा. माझी बायको श्यामला म्हणते, की मी लग्नाआधीही असाच होतो. असेन. पण खैरुन्निसाखालांच्या बाबतीत मी जे केलं, त्याचं खापर नोकरीवर फोडता येणार नाही.

खाला म्हणजे अशरफची आई. अशरफ हर्णैकडच्या एका गावचा, इथं कुवेतमध्ये राई भागात त्याचं गाड्यांच्या एसीचं गॅरेज. युद्धानंतर, ब्याण्णवला, मी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत परत रुजू झालो, तेव्हा माझी पहिली जुनी गाडी त्यानंच पारखून दिली होती. तेव्हापासूनची आमची दोस्ती. दोन हजार सालच्या जानेवारीत त्यानं आईला तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बोलावलं आणि एका शुक्रवारी आम्हा दोघांना फरवानियाच्या घरी जेवायला.

एकोणऐंशी वर्षांची बाई, पण पाठ ताठ आणि डोळे लख्ख घारे. मी बघतोय हे अशरफच्या लक्षात आलं. तो हसत म्हणाला, "भाऊ, अम्माचा आजा गोरा साहेब होता."

"साहेब नव्हता," खाला फटकन म्हणाल्या. "गवंडी होता. हातान दगड घडवायचा."

मग आमटीतली सुरमई गार होईपर्यंत त्या बोलत होत्या. त्यांच्या बापाचा बाप, अलेक्झांडर मिल्न, स्कॉटलंडचा. बाविसाव्या वर्षी, अठराशे सहासष्टला, दीपगृहाच्या बांधकामावर त्यांच्या किनाऱ्याला आला. दीपगृह झालं, बाकीचे गोरे परत गेले, हा राहिला. गावातल्या मुलीशी निकाह लावायचा म्हणून मुसलमान झाला, इस्माईल मिस्त्री झाला आणि पुढची साठ वर्षं गावात घरं, विहिरी, मशिदीच्या पायऱ्या बांधत राहिला. तो गेला तेव्हा खाला सहा वर्षांच्या होत्या. त्याच्या मांडीवर बसल्याचं त्यांना आठवत होतं, आणि दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, त्या अजून त्याच्यासाठी फातिहा, मयतासाठीची दुआ, वाचायच्या.

"मना सांगायचा, माझ्या बापाचा नाव डेव्हिड. तो पन गवंडी. त्याचा बाप पन गवंडी, त्याचाच नाव माझा. गावाचा नाव आर्डलोन."

"मग अडचण काय?" मी विचारलं.

अडचण अशरफनं सांगितली. नव्यानं मुसलमान झालेल्याचा बाप आपल्या धर्मातला नसतो, म्हणून त्याच्या नावापुढं बिन अब्दुल्ला, अब्दुल्लाचा मुलगा, असं लिहायची पद्धत. अब्दुल्ला म्हणजे अल्लाचा बंदा, म्हणजे कुणीही. आजोबांच्या कबरीवरच्या दगडावर तेच आहे, इस्माईल बिन अब्दुल्ला. आणि गावाला तेवढं पुरे झालं. कुणी म्हणे, हा खून करून पळून आला होता, कुणी म्हणे, नाव खोटं सांगून आला. लहानपणी खालांना पोरं चिडवायची, लग्नानंतर सासरी जावा टोमणे मारायच्या. तुमचा आजा कुणाचा कोण, कुणाला ठाऊक!

"कयामतीच्या दिवशी मानसाला बापाच्या नावान हाक मारतात," खाला म्हणाल्या. "माझ्या आज्याला कुनाच्या नावान हाक मारतील? मी डोले मिटायच्या आधी त्याचा दगड बदलायचा हाय. पन जमातीतले म्हनतात, पुरावा दाखव. तू बोलतस म्हनून कसा लिवायचा?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा मी म्हणालो, "एवढंच ना? महिन्याभरात बापाच्या नावाचा कागद आणून देतो."

श्यामलानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण मी काही हवेत बोललो नव्हतो. आमच्याकडे ड्यूगिड नावाचा एक स्कॉटिश इन्स्पेक्शन सुपरवायझर होता. घराणं चांभाराचं, आणि हे तो सगळ्यांना अभिमानानं सांगायचा. दर सुट्टीत एडिनबरोला जाऊन जुन्या नोंदींमध्ये आपले पूर्वज शोधणं हा त्याचा छंद. त्याच्याकडून मला कळलं होतं, की तिकडे जन्ममृत्यूची सरकारी नोंद अठराशे पंचावन्नपासून सुरू झाली. त्याआधीचं जे काही आहे ते त्या त्या गावच्या चर्चच्या वहीत. बाप्तिस्मे, लग्नं, मयतं. फेब्रुवारीच्या शेवटी तो गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लांब रजेवर निघाला होता. मी त्याला नावं, गाव, अंदाजे साल लिहून दिलं. तो खूष झाला. गवंडी सापडणं सोपं, म्हणाला, गवंडी एका गावी पिढ्यानपिढ्या राहतात.

मधल्या महिन्यात खालांनी मला तीनदा फोन केला. एकदा तर त्यांनी ठरवून टाकल्याचं सांगितलं. डेव्हिड म्हणजे आपला दाऊद, पैगंबराचं नाव. दगडावर इस्माईल बिन दाऊद असं येणार. गावच्या पाथरवटाला त्यांनी कोरायलाही सांगून ठेवलं होतं. "कागद आला की तेवढा बसवायचा," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लग्नघरातल्या बाईसारखी लगबग होती, आणि मला माझ्याच पाठीवर थाप मारावीशी वाटत होती.

मार्चच्या शेवटच्या रविवारी ऑफिसात फॅक्स आला. खालांचं विमान त्याच शुक्रवारी होतं. तीन पानं. पहिल्या पानावर ड्यूगिडनं हातानं लिहिलं होतं, "तुझा गवंडी सापडला. तिन्ही नोंदी पाठवतोय. उद्या हॉस्पिटलात भरती होतो, बाकीचं आल्यावर."

पहिली नोंद, मार्च अठराशे एक्केचाळीस, आर्डलोन. डेव्हिड मिल्न, गवंडी, आणि जीन पेट्री यांना मुलगा झाला, नाव अलेक्झांडर. मी खुर्चीतून उठलोच. दुसरी नोंद त्रेचाळीसच्या ऑक्टोबरातली. तिकडे मयताच्या पेटीवर घालायचं काळं कापड चर्चकडून घ्यावं लागे आणि त्याची नोंद होत असे. नोंद अशी, की डेव्हिड मिल्न, गवंडी, याच्या अलेक्झांडर या मुलासाठी लहान कापड.

मी पुन्हा खाली बसलो. अडीच वर्षांचं पोर. ज्याला आम्ही शोधत होतो तो अडीच वर्षांचा असतानाच मेला होता.

तिसरं पान फॅक्समध्ये खराब आलं होतं. डिसेंबर चव्वेचाळीस, डेव्हिड मिल्न, गवंडी, मुलगा अलेक्झांडर. आईच्या नावाच्या जागी नुसता काळा डाग. मी ते पान बाजूला ठेवलं. हा दुसरा डेव्हिड, चुलत भाऊ वगैरे असणार. गाव मिल्नांनी भरलेलं असेल, जसे आमच्याकडे एका आळीत चार गणपत. ड्यूगिडनं नाव जुळतंय म्हणून पाठवलं असेल.

घरी आल्यावर ते तीन कागद मी श्यामलापुढं ठेवले. तिनं ते दोनदा वाचले. "अहो, त्यानं तिन्ही एकत्र का पाठवले? तो येऊ दे ना. विचारू."

"तो जूनमध्ये येणार. खाला शुक्रवारी चालल्यात. आणि यात विचारायचं काय आहे? मेलेल्या मुलाचं नाव कुणी पुढच्या मुलाला ठेवतं का?"

हे मी बोललो आणि श्यामलानं कागद खाली ठेवले. आमचा पहिला मुलगा नचिकेत. अकरा महिन्यांचा होऊन गेला, नाशिकला, सत्त्याऐंशी साली. त्यानंतर जुईली झाली. बारा वर्षं आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही. माझ्या भावाच्या मुलासाठी कुणीतरी तेच नाव सुचवलं, तेव्हा आई भर बारशातून उठून गेली होती. त्या नावाचा चटका मला माहीत होता. जगात कुठल्याही बापाला तो तसाच बसत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

"नाही ठेवत," श्यामला हळूच म्हणाली. "तरीपण थांबा."

मी थांबलो नाही. खोटा पुरावा घेऊन म्हातारी गावी जाणार, दगड बसवणार, आणि उद्या कुणी शहाणा निघाला तर तिचीच फजिती होणार, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला जे कळलं होतं ते सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. गुरुवारी दुपारी मी फरवानियाला गेलो. बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. खालांनी मला बघून डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात पुढं केला, कागदासाठी.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पहिला कागद, दुसरा कागद. तिसऱ्याबद्दल बोललोच नाही. उगाच घोळ कशाला?

"म्हंजे?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे डेव्हिडचा अलेक्झांडर लहानपणीच वारला, खाला. तुमचे आजोबा दुसरे कुणीतरी असणार. त्या गावचे असतील, त्यांना हे घर माहीत असेल. नाव त्या मुलाचं घेतलं."

"चोरला?"

मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. "हो," मी म्हणालो. "तसंच दिसतंय. कागद खोटं बोलत नाही."

अशरफ म्हणाला, "भाऊ, जाऊ द्या, शंभर-दीडशे वर्षं झाली." पण खाला माझ्याकडेच बघत होत्या. त्यांचे ते घारे डोळे एकदम म्हातारे दिसायला लागले.

"मग जावा बोलायच्या ता खरा होता," त्या म्हणाल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "तू मेहनत केलीस, बाला. अल्ला तुना बरकत देवो." आणि उठून आत गेल्या. विमानतळावर जायच्या वेळेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत, असं अशरफनं नंतर सांगितलं. गावी गेल्यावर त्यांनी पाथरवटाला निरोप धाडला, की कोरलेला दगड फोडून टाक, हेही त्याच्याकडूनच कळलं. मला वाईट वाटलं, पण कडू औषध दिल्यावर डॉक्टरला वाटतं तेवढंच.

ड्यूगिड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काठी टेकत कामावर आला. पहिलाच प्रश्न, "काय म्हणाली तुझी म्हातारी? खूष झाली?"

मी त्याला ऐकवलं. गवंडी मिळाला, पण मेलेला मिळाला. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी काहीतरी अचाटच बोललो होतो.

"मग तिसरा कागद?"

"तो दुसऱ्या डेव्हिडचा ना?"

"दुसरा कुठला? आर्डलोनमध्ये तेव्हा एकच डेव्हिड मिल्न गवंडी होता, मी सगळी वही पाहिली." त्यानं खणातून मूळ प्रत काढली. काळ्या डागाच्या जागी स्वच्छ अक्षरात जीन पेट्री होतं. "पहिला अलेक्झांडर गेला, वर्षभरानं दुसरा झाला, त्यालाही तेच नाव ठेवलं. आमच्याकडे सगळे तसंच करायचे. थोरल्याला आजोबाचं नाव द्यायचं असतं. पोर गेलं म्हणून आजोबाचं नाव बुडू द्यायचं का? माझ्या पणजीच्या आधी त्याच नावाच्या दोघी बहिणी होऊन गेल्या."

"पण मेलेल्या मुलाचं नाव?"

"त्याचंच तर," ड्यूगिड म्हणाला. "घरात पुन्हा हाक मारायला मिळते."

मला स्वतःची लाज वाटली, नुसती लाज नाही, भीती वाटली. चव्वेचाळीस साली जन्मलेला मुलगा सहासष्टला बाविशीचा होतो. साधी वजाबाकी. ती मी केलीच नव्हती, कारण माझ्या घरात जे झालं तेच मी वहीत वाचत होतो. खालांच्या आजोबांनी नातीला प्रत्येक शब्द खरा सांगितला होता. आजोबाचं नाव मला ठेवलं, हेसुद्धा. चोर म्हणालो होतो मी त्याला, त्याच्या नातीच्या तोंडावर.

ड्यूटी टाकून मी तसाच राईला गेलो. अशरफ एका पजेरोखाली झोपून पाइप बघत होता. बाहेर येऊन त्यानं माझं सगळं ऐकलं, फडक्याला हात पुसत राहिला आणि मग एवढंच म्हणाला, "तुम्ही तिसरा कागद दाखवलाच नाहीत, भाऊ?"

मी मान हलवली. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं गॅरेजच्या फोनवरून गावी फोन लावला. शेजारच्या दुकानात फोन होता. खालांना घरून बोलावून आणेपर्यंत आम्ही पंख्याखाली उभे होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. मग त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. दोन अलेक्झांडर, आईचं नाव, तिकडची रीत, मूळ प्रत माझ्या हातात आहे, मी ती उद्याच पोस्टानं पाठवतो. जमातीला दाखवा. दाऊदच. इस्माईल बिन दाऊदच. दगडाचा सगळा खर्च माझ्याकडं. चूक माझी, खाला, सगळी माझी.

लाइन गेली असं वाटून मी हॅलो म्हणालो.

"हाय मी," खाला म्हणाल्या. "तेव्हा बोललास ता खरा, की आता बोलतस ता खरा?"

"आत्ताचं, खाला. शपथ घेऊन सांगतो."

"दगड होईल रे पुन्हा," त्या म्हणाल्या. "पन मी त्याची फातिहा बंद केली. सत्तर वरसां दर जुमेरातीला वाचत होते त्याच्यासाठी. हिकडा आले नि बंद केली. ज्याचा नावच चोरलेला, त्याच्यासाठी कुनाच्या नावान वाचू? धा जुमेराती झाल्या. त्याच्यासाठी वाचनारी मी एकलीच होते, बाला. ह्या धा जुमेराती तो माझी वाट बघत बसला असंल. त्याला मी काय सांगू?"