डब्याच्या आधी हसायचं

"घाई करायची नाही, राणी. आधी त्याचा चेहरा बघायचा, मग हसायचं. पण हसायचं ते या डब्याच्या आधी!"

मिसेस ऑल्डरशॉ यांचे हे शब्द अजून माझ्या कानांत आहेत. मला कान नाहीत हे खरं. पण मित्रांनो, ज्याच्यासमोर माणसं वर्षानुवर्षं बसतात, त्यालाही हळूहळू ऐकू यायला लागतं. त्या ज्याला डबा म्हणत तो मीच, जाड पाठीचा एक जुना टीव्ही. माझ्या काचेखाली एक फट आहे. तिच्यात कॅसेट सरकवली की मी ती गिळतो आणि तिच्यातली माणसं दाखवू लागतो. आता असले टीव्ही कुणी बनवत नाही.

माझा जन्म वेल्समधल्या एका कारखान्यात झाला. निळे झगे घातलेल्या बायकांनी एकमेकींची थट्टा करत माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. मला वाटतं, हसण्याची गोडी मला तिथूनच लागली. तिथून मी इंग्लंडमधल्या बर्नली गावच्या एका दुकानात आलो. बस आगारातले मेकॅनिक क्लिफर्ड ऑल्डरशॉ यांनी मला लग्नाच्या वाढदिवसाला घरी नेलं.

"एनिड, पाहुणा आणलाय. जेवायला मागणार नाही," ते दारातूनच म्हणाले.

"आणि सारखा बोलत बसेल. म्हणजे आता घरात दोघं झालात," मिसेस ऑल्डरशॉ म्हणाल्या. पण त्याच संध्याकाळी माझ्या डोक्यासाठी पांढरा रुमाल विणायला त्यांनी सुरुवात केली.

त्या घरात माझे फार लाड झाले. शिस्तही होती. जेवणाआधीची प्रार्थना झाल्याशिवाय माझं बटण दाबलं जात नसे. रविवारी मिसेस ऑल्डरशॉ चॅपलमधून, म्हणजे त्यांच्या छोट्या चर्चमधून, परत येईपर्यंत मी रुमालाखाली गप्प असे. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात कुणी गोड सोडतं, कुणी मांस सोडतं. मिसेस ऑल्डरशॉ विनोदी मालिका सोडत. "मला सगळ्यात जड जातं तेच देवाला द्यायचं," असं त्या म्हणत. त्या दिवसांत मीही उपाशी राहत असे.

क्लिफर्ड गेले. घर मोठं वाटू लागलं, तेव्हा मिसेस ऑल्डरशॉ यांनी वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या. आगार जवळ होतं, इस्पितळही फार लांब नव्हतं. देशोदेशींची माणसं येऊ लागली. नवीन माणूस आलं, की मिसेस ऑल्डरशॉ त्याला चहा देत, जरा वेळ न्याहाळत आणि मग कपाटातून एखादी कॅसेट काढत. एखादी जाणती बाई मुलाचं पोट दुखतंय की दात येताहेत हे ओळखून त्यावरचा काढा देते, तसंच. ज्याला घरची आठवण येई, त्याला त्या कधीच गाडी न येणाऱ्या स्टेशनची मालिका लावून देत. ज्याला इथली माणसं घुमी वाटत, त्याला भाजीच्या वाफ्यांवरून भांडणाऱ्या शेजाऱ्यांची. "हा देश पुस्तकातून कळायचा नाही. आम्हाला खरं बोलायची लाज वाटते, म्हणून आम्ही विनोदात बोलतो," त्या सांगत.

मग एका शरद ऋतूत पोलंडहून यागोदा आली. ती बस चालवायची. पहिल्या संध्याकाळी ती कोटही न काढता खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"मिसेस ऑल्डरशॉ, इथे सगळे मला राणी का म्हणतात? आज एक म्हातारे उतरताना म्हणाले, थँक्यू, राणी. मी त्यांना ओळखत नाही. मी पटकन दार लावून घेतलं."

"अगं बाई! आणि ते?"

"त्यांचा कोट अडकला. थोडासाच."

मिसेस ऑल्डरशॉ इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं, इथे मांजरालासुद्धा राणी म्हणतात! तुला छत्रीवालाच दाखवायला हवा."

छत्रीवाला ही त्यांची सगळ्यात लाडकी मालिका. मिस्टर पिकर्सगिल नावाचे म्हातारे छत्र्या दुरुस्त करतात आणि त्यांच्याच दुकानाचं छप्पर गळतं. त्या दिवशीच्या भागात त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, दुकानात गुडघाभर पाणी होतं आणि छत्र्या होड्यांसारख्या तरंगत होत्या. दारातून गिऱ्हाईक विचारतं, "कसं काय, मिस्टर पिकर्सगिल?" ते म्हणतात, "तक्रार नाही हो." आणि अशा मालिकांत प्रत्येक विनोदानंतर वाजतो तसा प्रेक्षकांच्या हसण्याचा लोंढा माझ्या पोटातून आला.

यागोदा चिडली. "पाय मोडलाय, दुकान बुडालंय आणि तक्रार नाही? हा माणूस खोटं बोलतोय!"

"खोटं नाही, राणी. तो सांगतोय की आपण बुडतोय."

"मग तसं म्हणत का नाही?"

"ते आम्हाला जमत नाही ना! म्हणून ऐकणाऱ्यानं बघायचं. कुणी तक्रार नाही म्हटलं की पाणी कुठवर आलंय ते बघायचं."

त्या हिवाळ्यात त्या दोघींसमोर मी रोज उजळलो. सुरुवातीला यागोदा माझं हसू संपल्यावर हसायची, मग माझ्या हसण्याच्या मध्यावर हसू लागली. बसमधले किस्से सांगू लागली. उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना तीच आता "थँक्यू, राजा" म्हणायची. छत्रीवाल्याच्या मालिकेचा शेवटचा भाग मात्र मिसेस ऑल्डरशॉ यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वेगळा ठेवला होता. यागोदा मागायची, तेव्हा त्या माझ्याकडे बोट दाखवत मान हलवत. "या डब्याच्या आधी हसशील, त्या दिवशी."

उपवास लागण्याच्या आदल्या संध्याकाळी यागोदा अगदी माझ्याबरोबरीनं हसली.

"पोचलीस की गं! ईस्टरला दाखवते. चॅपलहून आल्यावर, जेवून."

"मी तो तुमच्याशिवाय कधी बघणार नाही," यागोदा म्हणाली.

"वचन?"

"वचन."

मग माझ्यावर रुमाल पडला. त्या वर्षी यागोदानंही गोडाबरोबर मालिका सोडल्या होत्या, मिसेस ऑल्डरशॉ यांच्या सोबतीला म्हणून.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना आजही माझी काच थंड पडते. उपवासातली एक सकाळ होती. यागोदा गणवेश घालून बाहेर निघाली होती. मिसेस ऑल्डरशॉ जिन्यावरून उतरत होत्या, कठडा दोन्ही हातांनी धरून. बैठकीचं दार उघडं होतं. विरळ विणीच्या रुमालातून मला त्या दिसल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कशा आहात?" यागोदानं बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं.

"तक्रार नाही हो," त्या म्हणाल्या.

आणि यागोदा हसली. खळखळून, मनापासून, क्षणभरही न थांबता. "वा! अगदी मिस्टर पिकर्सगिल!" असं म्हणत ती दार ओढून निघून गेली. तिनं वर बघितलं नाही.

मी बंद होतो. तिच्या हसण्यामागून माझं हसू आलं नाही. मिसेस ऑल्डरशॉ कशाबशा आत आल्या, माझ्या कडेला हात टेकला आणि खुर्चीपर्यंत पोचायच्या आधीच खाली कोसळल्या. मला आवाज होता, पण बटण दाबणारं कुणी नव्हतं. दुपार झाली तरी पडदे उघडले नाहीत, म्हणून शेजारचे मिस्टर सटक्लिफ धावत आले.

त्या वाचल्या. पण त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं अडखळू लागलं. त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. भाचीनं येऊन घर रिकामं केलं. खुर्च्या गेल्या, कपाट गेलं, कॅसेटी गेल्या. मला अंगणात कचऱ्याच्या पिंपाशेजारी ठेवलं होतं. यागोदानं मला उचललं आणि आपल्या नव्या खोलीत नेलं.

पण तिनं मला कधी लावलं नाही. माझ्यावर कपडे साचले, त्यांवर धूळ साचली. तिच्याबरोबर राहणारी ड्रायव्हर बाई म्हणायची, "हा ठोकळा कशाला ठेवलायस? फेकून दे की!" यागोदा माझ्यावर आणखी एक कपडा टाकायची, पण फेकून द्यायची नाही. वृद्धाश्रमावरून जाणाऱ्या बसची पाळी तिनं आगारात सांगून बदलून घेतली होती. तीही आता हसत नसे. आम्ही दोघं एका खोलीत बंद पडलो होतो.

वर्ष फिरून पुन्हा उपवासाचे दिवस आले. एका दुपारी मिस्टर सटक्लिफ जिना चढून आले. त्यांच्या काखेत तो बिस्किटांचा डबा होता.

"आत ये म्हणालीस तर येतो. नाहीतर इथेच उभा राहून म्हातारा होतो."

"या ना, मिस्टर सटक्लिफ."

"म्हातारा आधीच झालोय म्हणा." ते पलंगाच्या कडेवर बसले आणि डबा तिच्या हातात दिला. "एनिडनं पाठवलाय. घर रिकामं झालं, तेव्हा तेवढा तिनं आपल्याजवळ ठेवून घेतला होता. तिच्याकडे भिंतीवर मोठा चपटा टीव्ही आहे, पण त्याला तोंडच नाही. कॅसेट घालायची कुठे?"

यागोदा डब्याकडे बघत राहिली. "मी कोणत्या तोंडानं जाऊ? त्या कोसळत होत्या आणि मी हसले. त्यांनीच मला शिकवलं होतं, बघायचं म्हणून. मी बघितलंच नाही."

मिस्टर सटक्लिफ यांनी आपली टोपी हातात फिरवली. "तिला आठवतं ते. सगळ्या परिचारिकांना सांगत असते. म्हणते, पोरगी डब्याच्या आधी हसली. टीव्हीचा डबा बंद होता ना! म्हणजे आधीच की नाही?"

यागोदानं तोंडावर हात धरला. तिचं हसू होतं की रडू, हे मलाही कळलं नाही. आणि हसणं ओळखण्यात माझं सारं आयुष्य गेलं आहे.

"कशा आहेत त्या?" तिनं हात खाली घेऊन विचारलं.

"सकाळी विचारलं मी. तक्रार नाही म्हणाली."

या वेळी कुणी हसलं नाही. यागोदानं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "पाणी कुठवर आलंय, मिस्टर सटक्लिफ?"

म्हाताऱ्यांनी हात उचलला आणि हनुवटीला लावला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल. तुम्ही चपला घालता घालता विचारता, "कशी आहेस गं?" आणि आतून उत्तर येतं, "मला काय झालंय? बरी आहे." त्या वेळी जरा थांबा. मान वर करून त्या चेहऱ्याकडे एकदा बघा. आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ पुसलीत तर आम्हाला बरं वाटतं, नाही पुसलीत तरी आम्ही कोपऱ्यात पडून राहतो. माणसांना मात्र इतका धीर धरता येत नाही. मी एवढी माणसं हसवली, पण त्या एका सकाळी दारापर्यंत पोचेल अशी एक हाक मला देता आली असती, तर माझं सगळं हसू मी देऊन टाकलं असतं.

आज ईस्टर आहे. यागोदा सकाळीच चर्चमधून आली. तिनं माझ्यावरचे कपडे काढले, ओल्या फडक्यानं माझी काच पुसली आणि तो विणलेला रुमाल धुऊन माझ्या डोक्यावर घातला. मला लावून बघितलं नाही. मी उजळेन की नाही, हे तिला ठाऊक नाही आणि मलाही नाही.

आगारातून मागून आणलेल्या हातगाडीवर तिनं मला दोरीनं बांधलं. पत्र्याचा डबा कोटाच्या आत धरला. शेजारीण दारातून म्हणाली, "कुठे निघालीस, राणी, हे ओझं घेऊन?"

"जेवायला," यागोदा म्हणाली.

वृद्धाश्रमाचा रस्ता चढाचा आहे. तिनं घाई केली नाही. मध्ये एकदा थांबून माझा वाऱ्यानं सरकलेला रुमाल तिनं सारखा केला आणि पुन्हा गाडी ढकलू लागली.