पायडलवरचा दुसरा पाय

मित्रांनो, मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, माझ्या अंगावर काळा रंग कोणी चढवला, हे सांगत बसून मी तुमचा वेळ घालवणार नाही. लोखंडाचा जन्म सगळीकडे सारखाच. मला सांगायचे आहे ते वेगळेच आहे. माझ्यासारख्या मुक्या, इमानी मशीनची कोर्टात साक्ष झाली, आणि ती साक्ष माझ्याच मालकिणीच्या विरुद्ध गेली. अजूनही ते आठवले की माझी सुई जागच्या जागी थिजते.

माझी पहिली मालकीण म्हणजे मोठी बाई. दुसरीत शाळा सुटलेली, पण मोजपट्टीवरचे आकडे तिला कोणाला विचारावे लागले नाहीत. तिने मला स्वतःच्या कमाईतून जुन्या बाजारात विकत घेतले. दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून ती उठून चालायला लागली. तो गल्लीच्या टोकापर्यंत मागे आला आणि निम्म्यावर तयार झाला. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "तू मला पहिल्या नजरेतच आवडली होतीस. पण ते त्या मेल्याला कशाला कळू द्यायचं?"

हीच तिची विद्या. आपली गरज परक्याला दिसू द्यायची नाही आणि घरातले दुखणे उंबऱ्याच्या आतच ठेवायचे. चादरी, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश शिवून तिने घर उभे केले. गिऱ्हाइके तिच्या कात्रीला भीत नसत, जिभेला भीत.

पुढे तिची कंबर धरली आणि मी सुनेच्या हाती आले. सून अबोल. सासूने एकदा सांगितले की दुसऱ्यांदा विचारायची नाही. तिचा पाय पायडलवर पडला की मला वाटे, मी चालत नाही, वाहते आहे. सासूला हे दिसत होते, पण तोंडावर म्हणेल तर शपथ. एकदा सून बाहेर गेली असताना तिने शिवलेली कॉलर उजेडात धरून पाहिली आणि पुटपुटली, "हात चांगला आहे कार्टीचा." तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हते, म्हणून म्हणाली.

तो दिवस साधाच होता. सून गणवेशांचा गठ्ठा शाळेत पोचवायला गेली. माझ्या सुईखाली एक अर्धी कॉलर होती. "आल्यावर करते," असे म्हणून ती निघाली. तासाभराने कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दारात उभा राहिला. त्याच्या हातात तो गठ्ठा होता आणि वरच्या पांढऱ्या सदऱ्यावर टायरची नक्षी उमटली होती. सून फुटपाथवरून चालली होती. फोनवर बोलणाऱ्या एका माणसाची मोटार फुटपाथवर चढली.

मोठ्या बाईने गठ्ठा घेतला, खाली ठेवला, आणि विचारले, "जिवंत आहे का?"

"आहे," इस्त्रीवाला म्हणाला.

मग ती खाली बसली. तिला असे जमिनीवर बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. ती अर्धी कॉलर एकोणीस दिवस माझ्या सुईखाली तशीच राहिली. तिला हात लावायचे धाडस कोणालाच झाले नाही.

सून घरी आली ती काठी घेऊन. उजव्या पायात सळई होती. डॉक्टरांनी मोठ्या बाईच्या मुलाला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, सांगितले होते की ती चालेल, पण घोटा वाकणार नाही. वर्षाच्या आत दुसरी शस्त्रक्रिया केली तर थोडाफार वाकेल, उशीर झाला तर हाड तसेच जुळून बसेल. मित्रांनो, घोटा वाकणार नाही म्हणजे काय, ते डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळले. माझे सगळे जगणे घोट्यावर आहे. टाच खाली, बोटे खाली, टाच खाली, बोटे खाली. एवढे थांबले की मी म्हणजे टेबल.

पहिल्या शस्त्रक्रियेतच घर निथळून निघाले होते. मुलगा गोदामात दोन पाळ्या करू लागला, तरी दुसरीचा खर्च त्याच्या आवाक्यात नव्हता. इस्पितळातल्या नर्सने सुनेला मोफत कायदेशीर मदतीच्या केंद्राचा पत्ता दिला. तिथून वकीलबाई आल्या. तरुण, पायात साध्या चपला, खांद्याला फायलींनी फुगलेली पिशवी. त्यांनी औषधांच्या पावत्या मागितल्या, किती काम बुडाले ते दाखवायला मापांची वही मागितली.

मोठी बाई म्हणाली, "आम्ही कोणापुढे हात पसरत नाही."

"मोठ्या बाई, गिऱ्हाइकाचं कापड तुमच्या हातून खराब झालं, तर भरून देत होतात ना?"

"माझ्या हातून खराब झालं नाही कधी. एकदा इस्त्रीनं जळलं, ते वेगळं."

"मग ते भरून दिलंत?"

"दिलं की. नवीन आणून दिलं."

"तेव्हा ते गिऱ्हाईक भीक घेऊन गेलं का?"

मोठ्या बाईने हार मानली. असे वर्षातून एखाद्या वेळी होते. तिने मापांची वही काढून दिली.

वकीलबाईंनी दावा दाखल केला आणि जाताना बजावले, "मोटारीच्या विमा कंपनीचा माणूस येईल. आधी मला कळवा. आणि जे आहे तेच दाखवा."

तो माणूस आला, पण आधी त्याने फोन केला. सहज विचारपूस करायला येतो म्हणाला. सुनेने विचारले, "आई, वकीलबाईंना कळवायचं ना?"

"पाहुणा येतोय, चोर नाही. आणि तोंड पाडून बसू नकोस. गरज दिसली की समोरचा भाव पाडतो. चाळीस वर्षं कापडबाजारात तेच बघितलंय मी."

मग घर घासून निघाले. मलाही घासले. तेल घातले, नवा दोरा भरला. एवढ्या महिन्यांनी अंगाला फडके लागल्यावर मी किती सुखावले, हे सांगायची आता लाज वाटते. मी चमकले, मित्रांनो, आणि मला त्याचा गर्व झाला.

तो साहेब फार गोड बोलणारा होता. चहा छान झाला म्हणाला. "आता बरं आहे ना, ताई?"

"बरंय की," सासूनेच सांगितले.

"काम सुरू झालं?"

"आमच्या घरात काम थांबत नसतं."

"वा. बघू तरी."

सून सासूकडे पाहत राहिली. मोठ्या बाईचा चेहरा हलला नाही. तिने सुनेला माझ्यापुढे बसवले, एक लांब चादर सुईखाली घातली, आणि कापड धरायचे निमित्त करून स्वतः शेजारी स्टूल ओढून बसली. चादर दोघींच्या मांडीवरून जमिनीपर्यंत लोळत होती. तिच्या आडून एक पाय माझ्या पायडलवर आला. मी तो लगेच ओळखला. तोच पाय, ज्याने मला पहिल्यांदा चालवले होते. त्या पायाने मी पळू लागले. वर सुनेचे हात कापड सरकवत होते, टाके सरळ पडत होते. साहेबांनी खिशातून फोन काढला.

"हसा जरा, ताई."

सून हसली. फोटो निघाला.

तो गेल्यावर मोठी बाई कंबर धरून उठली आणि म्हणाली, "कसा गार पडला बघ. आता नाही भाव पाडत."

दीड महिन्याने वकीलबाई आल्या, त्या उभ्याच राहिल्या. कंपनीने कोर्टात दिलेले उत्तर त्यांनी वाचून दाखवले. अर्जदार घरी नेहमीप्रमाणे शिवणकाम करताना आढळली. पायाने मशीन चालवते. उत्पन्नाचे नुकसान नाही, पुढच्या उपचाराची गरज दिसत नाही. पुरावा म्हणून फोटो जोडला होता. फोटोत मी होते. चकचकीत.

मला पहिल्यांदा कळेचना. हात तिचा, हसू तिचे, मशीन तिची. या फोटोत खोटे असे काहीही बोट ठेवून दाखवता येत नव्हते. ज्या घराने मला पोसले, त्याच घराच्या मुळावर मी फोटोत उभी होते. माझे चाक जड झाले.

वकीलबाईंनी हळू आवाजात विचारले, "ताई, खरं सांगा. तुम्ही चालवलीत?"

सुनेने सासूकडे पाहिले. सासू खिडकीबाहेर पाहत होती.

"हो," सून म्हणाली.

मित्रांनो, लोखंडाला तोंड नसते याचे इतके दुःख मला पूर्वी कधी झाले नव्हते. पण खरे सांगू? त्याहून मोठा धक्का मला मोठ्या बाईचा बसला. जिची जीभ भल्याभल्यांना गप्प करी, ती एक शब्द बोलली नाही.

त्या 'हो'वर विश्वास न बसून वकीलबाईंनी कोर्टाकडे मागणी केली की कोणीतरी येऊन प्रत्यक्ष पाहावे. तारीख ठरली. त्या म्हणाल्या, "यावर सगळं आहे. नाहीतर शस्त्रक्रियेचे पैसे वेळेत मिळायचे नाहीत. आणि या वेळी कोणी काही पुसायचं नाही."

कोर्टाचे अधिकारी आले. बरोबर तो गोड साहेबही होता. माझ्यावर बोटभर धूळ होती, चाकात दोऱ्यांचा गुंता होता. मोठ्या बाईचा हात फडक्याकडे गेला आणि परत आला. ती आपल्याच हातांवर बसली.

अधिकाऱ्यांनी सुनेला विचारले, "मशीन चालवता येते का?"

सून सवयीने म्हणाली, "तसं येतं थोडं थोडं. बरंय आता."

अधिकाऱ्यांचे पेन कागदाला लागले. वकीलबाईंनी डोळे मिटले.

"लिहू नका," मोठी बाई म्हणाली.

पेन थांबले.

"ती खोटं बोलतेय. तिला मीच शिकवलंय तसं. लागलं तरी नाही म्हणायचं. दुखलं तरी बरंय म्हणायचं. ते नका लिहू."

गोड साहेब म्हणाले, "आजी, मी डोळ्यांनी पाहिलंय. शिलाई पडत होती."

"पडत होती. पाय माझा होता."

मोठ्या बाईने स्टूल ओढले, कंबरेत वाकून पाय माझ्या पायडलवर ठेवला आणि मला चालवले. धूळ उडाली. मी किरकिरले, पण चालले.

"असा. चादरीच्या आडून. वाटलं, गरज दिसली तर तुम्ही कमी द्याल. मशीन घेताना जे केलं, तेच सुनेच्या पायाचं करायला गेले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय?"

"हे माझ्या कागदावर जाईल," अधिकारी म्हणाले. "कोर्ट तुम्हाला बोलेल. दाव्यावरही परिणाम होऊ शकतो."

"मला बोला. तिचा पाय बघा."

त्यांनी सुनेला बसायला सांगितले. तिने हातांनी उचलून पाय माझ्यावर ठेवला. मित्रांनो, ज्या पायाची चाहूल मी पायडलला लागण्याआधी ओळखत असे, तो पाय मला ओळखू आला नाही. थंड आणि जड, दगड ठेवल्यासारखा. ती जोर लावत होती. कपाळावर घाम आला. मी तसूभरही हलले नाही, आणि या वेळी माझे न हलणे हीच माझी साक्ष होती.

"नाही होत," सून म्हणाली. आणि मग पुन्हा, जरा मोठ्याने, "साहेब, मला नाही होत." एवढे महिने कोंडलेले रडू तिला तेव्हा आले.

मोठ्या बाईने तिला गप्प केले नाही. अधिकाऱ्यांनी लिहिले ते वाचून दाखवले. त्याखाली मोठ्या बाईने एकेक अक्षर दाबून सही केली. चार अक्षरांना तिला चार हात लांब शिलाई घालण्याइतका वेळ लागला.

निकालात तिच्यावर दोन ओळींचा ओरडा आहे. तो तिने मुलाकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "कमीच बोलले." दुसरी शस्त्रक्रिया वेळेत झाली. बुडालेल्या कामाचीही भरपाई मिळाली. घोटा पूर्वीसारखा झाला नाही, अर्धाच वाकतो. दिवसातून तासभर सून मला चालवते, बाकी वेळ माझ्या शेजारी ठेवलेल्या नव्या विजेच्या मशीनवर बसते. मला त्याचे वाईट वाटत नाही. थोडे वाटते.

परवा समोरची बाई जिन्यावरून घसरली. लंगडत येऊन म्हणाली, काही नाही झालं, बरंय. मोठ्या बाईने तिला हाताला धरून स्टुलावर बसवले. "बरंय म्हणे. कुठे दुखतंय ते बोट ठेवून सांग. आणि डॉक्टरचा कागद फेकलास तर माझ्याशी गाठ आहे."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल तर तिला पुसा, तेल घाला, आम्हाला चमकायला आवडते. पण घरातल्या कोणाला लागले असेल, तर त्याला झाकून, हसवून परक्यापुढे बसवू नका. त्याच्या तोंडून "मला नाही होत" हे शब्द येऊ द्या. ते ऐकायला घरच्यांना फार जड जाते. मला लोखंडाला जड गेले, मग माणसांचे काय सांगू? तरी ऐका.