पाळणा तेव्हा कुठे होता

हेमांगीबाईंनी फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द लिहिले. लिखित, भौतिक, मौखिक. मग हात झटकून म्हणाल्या, "घरातली एक घटना घ्या. राजाच्या घरातली नव्हे, तुमच्या. तिन्ही प्रकारची साधनं गोळा करा आणि तिचा इतिहास लिहून आणा."

"बाई, आमच्या घरात काय घडतच नाय," मागच्या बाकावरून पोपट म्हणाला.

"मग का घडत नाही, त्याचा लिही."

वर्ग हसला. सरू हसली नाही. ती खिडकीजवळच्या बाकावर एकटी बसायची. शेजारची जागा मोकळी असायची, आणि त्या जागेवर तिचं दप्तर ठेवलेलं असायचं, म्हणजे ती मोकळी दिसू नये. हजेरीत तिचं नाव सरिता होतं. गावात मात्र तिची ओळख एकच, आई टाकून गेली ती. कोणी वाईट हेतूनं म्हणायचं नाही. वाटेवरचं झाड ओळखावं तसं म्हणायचे, वळणावरची चिंच, टाकलेली सरू.

घटना निवडायला तिला वेळ लागलाच नाही. तिच्या घरात घडलेली घटना एकच होती. वहीच्या पानावर तिनं शीर्षक लिहिलं, 'आई घर सोडून गेली'. लिहिलं आणि चटकन वही मिटली.

गाव रोह्यापासून पाच-सहा किलोमीटर आत, भाताचं नि वालाचं. घरात सरू आणि हौसा आत्या, दोघीच. बाप गोविंदा डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर, तिकडेच चौघांत खोली करून राहायचा. पंधरा दिवसांनी रविवारी यायचा, जेवायचा, झोपायचा. "मेलेल्यांची नावं पाठ करून कोणाला नोकरी लागली?" असं एकदा तिच्या इतिहासाच्या पुस्तकाकडे बघून म्हणाला होता. "गणित कर. आयटीआयला उपयोगी पडंल."

मौखिक साधन चुलीपुढेच बसलं होतं. सरूनं वही मांडीवर घेतली.

"आत्या, आई गेली तेव्हाचं सांग."

"कितीदा सांगू गो?"

"शाळेसाठी हवंय. लिहायचंय."

आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली. गोष्ट तिला तोंडपाठ होती. "वाल उपटायचे दिवस. आम्ही समदी शेतावर. तू नऊ म्हयन्यांची, रांगायला लागलेलीस. दुपारी भाकरीला म्हून आले, तर घर उघडं. तू पाळण्यात रडून रडून निळी पडलेली. तुझ्या आईचा पत्ता नाय. तवा उचलली तुला, ती आजपातुर खाली ठेवली नाय."

शेवटचं वाक्य आत्या नेहमी हळू म्हणायची. लहानपणी त्या वाक्याशी सरू तिच्या कुशीत शिरायची. आज तिनं ते उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, भौतिक साधन, पाळणा.

"पाळणा कुठाय आता?"

"आता कोणास ठाव. गावाचा पाळणा, एका घरात ऱ्हातोय थोडाच."

तेही खरं होतं. गावात लाकडी पाळणा एकच, शिसवी, चारी कोपऱ्यांना रंगीत चिमण्या. ज्या घरी बारसं त्या घरी तो जायचा आणि पुढच्या घरी बाळ झालं की तिकडे. कोणी मालकी सांगायचं नाही, आणि कोणी एक दिवस जास्त ठेवून घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सरू शेजारच्या बायजा आजीकडे गेली. आजी ओसरीत वाल सोलत होती. सरूही सोलायला बसली. नुसतं विचारायला गेलं तर आजी बोलायची नाही. हात चालता असला की तोंड चालायचं.

"आजी, आपल्या गावचा पाळणा हल्ली कोणाकडे हाय?"

"खालच्या आळीत. का गो, तुला कशाला घाई?" आजीचे खांदे हसण्यानं हलले. "आमच्याकडंबी होता की. ऋत्विकच्या बारशाला आणलेला. पार पाऊस लागेस्तवर होता. मेला झोपायचाच नाय त्याच्यात, मीच हलवत बसायची नि मीच झोपायची."

"त्याच्या आधी कोणाकडे होता?"

"तुमच्याकडंच की. हौसानं सोता आणून दिला, डोक्यावर घेऊन."

सरूच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. आजीचा नातू ऋत्विक आठवीत होता, सरूच्या एक इयत्ता मागे. त्याचा वाढदिवस अख्ख्या शाळेला ठाऊक, कारण तो दरवर्षी दोन फेब्रुवारीला सगळ्यांना गोळ्या वाटायचा. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याला पाळणा ह्या ओसरीत आला. वाल उपटायचे ते त्यानंतर, होळीच्या आगेमागे.

मग ती कशात रडत होती?

"आजी," तिनं जपून विचारलं, "आई गेली तेव्हा मी घरात होते?"

बायजा आजीचे हात थांबले. तिनं सुपातली टरफलं फुंकली, पुन्हा फुंकली. "मला नको विचारू बाय. मी शेजारीण. मला हितंच मरायचंय."

लिखित साधन पत्र्याच्या ट्रंकेत होतं. आत्या गुरांमागं गेली तेव्हा सरूनं ती उघडली. रेशनकार्ड, आजोबांचा मृत्यूचा दाखला, विजेची बिलं, सगळं एका जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून कागद म्हटला की ती काहीच फेकायची नाही. कुठला कामाचा नि कुठला बिनकामाचा, हे तिला कोण सांगणार?

तळाशी दुमडून मऊ झालेलं एक कार्ड होतं. बाळाच्या लसींचं. वर 'सरिता', आईचं नाव 'अनिता', जन्म मे २०११. पुढे तारखांच्या ओळी. पहिल्या सगळ्या एकाच अक्षरात, गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या. गोवराची लस फेब्रुवारीतली. शेवटची ओळ मात्र वेगळ्या अक्षरात, वेगळ्या शाईत होती. बूस्टर, १२ सप्टेंबर २०१२, पेण. गावाच्या पत्त्यावर रेघ मारून कोणीतरी लिहिलं होतं, 'सध्या आईसोबत, कुंभार आळी, पेण'.

सरूनं त्यातला एक शब्द बोटानं वाचला, पहिलीतल्या मुलीसारखा. आईसोबत.

होळी मार्चमध्ये, सप्टेंबर त्यानंतर. बोटांवर मोजायची गरज नव्हती तरी तिनं मोजलं. सहा महिने. सहा महिने ती ह्या घरात नव्हतीच.

त्या दिवशी ती जेवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. आत्यानं ओवा आणून दिला, पोटावर तेलाचा हात फिरवला. तो हात बाजूला सारावा असं सरूला वाटलं पण सारला नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हेमांगीबाई पेणहून यायच्या, सकाळच्या गाडीनं. दीड वर्षाच्या बाळाला सासूजवळ ठेवून. डबा उघडण्याआधी त्या नेहमी फोनवर बाळाचा आवाज ऐकायच्या. आज त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि वही वाचली. मग कार्ड पाहिलं, मागून पुढून.

"बाई, कोण खोटं बोलतंय?"

"घाई नको करू," बाई म्हणाल्या. "हा कागद सांगतो की त्या दिवशी तू पेणला होतीस, आईबरोबर. एवढंच सांगतो. का गेली, तू परत कशी आलीस, हे तो सांगत नाही. त्याच्याकडून जास्त बोलवून घ्यायचं नाही."

"आणि आत्याचं?"

"आत्याची गोष्ट चूक निघाली तरी ती फेकायची नाही. तिनं ती तशी का सांगितली, हाही इतिहासच." बाईंनी कार्ड तिच्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही. "हे वर्गात वाचू नकोस हं. गुण मी असेच देईन."

"गुणांसाठी नाय, बाई."

"माहितीय मला."

घरी येऊन तिनं कार्ड आत्यापुढे ठेवलं. आरडाओरडा केला नाही. फक्त वाचून दाखवलं, तारखेसकट. मग पाळण्याचं सांगितलं.

आत्या त्या कागदाकडे बघत राहिली. तेरा वर्षं तिनं तो साडीत गुंडाळून जपला होता. वाळवी लागू नये म्हणून दर चैत्रात उन्हात घातला होता.

"मेला एवढं लिवलंय ह्याच्यात," ती म्हणाली.

"आत्या."

"गोविंदाचं नि तिचं पटंना. ती तुला घेऊन गेली पेणला, गणपतीच्या कारखान्यात कामाला. तिथं समदी पांढरी धूळ. तुला खोकला झाला, ऱ्हाईना. मी बघायला गेले तर तू नुसती काडी. ती म्हनली, वन्सं, दिवाळीपातुर न्या. बरी झाली की आणून द्या." आत्यानं कागदावरची नसलेली धूळ पुसली. "दिवाळीला तू मला आई म्हनलीस."

सरूनं कार्ड उचलून मांडीवर घेतलं.

"मला नवऱ्यानं टाकलेलं, पोर नाय म्हून. घरात आले तर भाऊ धड बोलंना. तुझी आई आली तीनदा. मी कडी नाय काढली. चौथ्यांदा नाय आली. मग लोकं विचारायला लागली, तवा गोष्ट केली एक. पाळणा उगीच घातला त्याच्यात. पाळण्याबिगर गोष्ट पुरी वाटंना."

"बाबांना ठाऊक होतं?"

"व्हय. तो कधी बोलला हाय काय?"

पुढचे चार दिवस दोघी एका घरात दोन घरं असल्यासारख्या वावरल्या. आत्या भाकरी करून झाकून ठेवायची आणि गोठ्यात जाऊन बसायची. सरू वही उघडायची आणि मिटायची. सगळं जुळलं होतं. कागद, पाळणा, आत्याचं तोंड. पान भरत आलं होतं. आणि जिच्याविषयी लिहिलं होतं तिचाच एकही शब्द त्यात नव्हता.

रविवारी सकाळी आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी राहिली.

"चल."

"कुठं?"

"तुला एकटीला सापडायचं नाय ते घर. मला ठाव हाय."

"अजून तिथंच हाय ती?"

"दोन वर्षांमागं गणपती आणायला गेलेले पोपटच्या घरचे. त्यांनी बघितली. मला सांगितलं, मी कानाआड केलं."

रोह्याहून गाडी मिळाली. डबा निम्मा रिकामा. समोरासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागत होता. नागोठणं गेलं. कासूला एक बाई सुक्या मासळीची पाटी घेऊन चढली आणि म्हणाली, "मायलेकी काय गो? लग्नाला?" आत्या खिडकीकडे वळली. सरू म्हणाली, "नाय. कामाला." कुठल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं, ते बाईनं विचारलं नाही.

पेणला उतरून त्या चालत गेल्या. कुंभार आळीत घराघरांतून बिनरंगाचे गणपती ओळीनं सुकत होते, सगळे एकसारखे पांढरे. अर्ध्या गल्लीत आत्या थांबली. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. "पुढं वळण लागंल. तिथून चौथं दार. मी हितं बसते."

"ऊन हाय."

"असू दे. जा."

वळणानंतर चौथ्या दाराशी पत्र्याची शेड होती. चार बाया खाली बसून मूर्तींवर काचकागद घासत होत्या. तिघींनी मान वर केली. चौथीनं केली नाही. तिच्या भुवयांवर, केसांवर पांढरं बसलं होतं, त्यामुळे वय कळत नव्हतं. सरूनं वही छातीशी धरली. बोलायचं ते ती गाडीत पाठ करत आली होती, आणि आता त्यातलं काहीच आठवेना.

"अनिता कोण?"

चौथीनं मान वर केली. आधी मुलीकडे पाहिलं. मग तिच्या कानांकडे, हनुवटीकडे, पायांकडे, जसं लांबून आलेल्या माणसाकडे बघतात तसं. हातातला कागद खाली पडला. बाकीच्या बायांचे हात एकेक करून थांबले.

"खोकला गेला तुझा?" ती म्हणाली.

सरूनं मान डोलावली.

ती बाई उठली. जवळ आली, पण हात लावला नाही. आपल्या पांढऱ्या तळव्यांकडे बघितलं आणि ते मागं घेतले. "कोणासंगं आलीस?"

"आत्यासंगं. ती वळणापलीकडं बसलीय. पायरीवर."

गल्लीतून एक रिक्षा गेली, तिचा आवाज पार संपला. मग ती बाई आत गेली, माठाजवळ, हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा धुतले. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, काठोकाठ.

"उन्हात बसली असंल," ती म्हणाली. "आधी तिला देऊन ये. मग ये. मी हितंच हाय."

सरूनं वही दाराशी ठेवली आणि दोन्ही हातांत तांब्या घेतला. सांडू नये म्हणून ती अगदी हळू चालत होती. वळणावर पोचली तेव्हा मागचं दार दिसेनासं झालं होतं आणि पुढची पायरी अजून दिसत नव्हती.