जोहोरच्या बससाठी नंबरप्लेट

यंदा मला एक शोध लागला: मी हुशार आहे. इंडोनेशियातल्या आमच्या कुडुसमध्ये ही गोष्ट अजून कुणाच्या लक्षात आली नव्हती, म्हणून मीच सांगत सुटले होते.

पुरावा म्हणजे माझ्या नंबरप्लेट. बस चालवायच्या गेममध्ये बसला रंग काय, कुणीही देतं. मी मलेशियाच्या पाट्या करायला घेतल्या. समुद्रापलीकडे जोहोरमधला एक गट दर शनिवारी गेममध्ये बसची रांग काढतो. त्यांचा म्होरक्या हजवान म्हणाला होता, "पाट्या खऱ्या वाटल्या तर तुला गटात घेऊ." वर्गात मी "घेतलंसुद्धा" असं सांगून मोकळी झाले.

मग जीव ओतला. काळी पाटी, पांढरी अक्षरं, अक्षरांच्या कडेला सावली, एक स्क्रू गंजलेला. चिखल तर असा उडवला की इबूने, म्हणजे माझ्या आईने, फडकंच आणलं असतं. माझा मोठा भाऊ बगस, ज्याला मी मास म्हणते, मागून डोकावला.

"एवढं बारीक काम गणिताच्या वहीत केलंस तर?"

"मास, गणितात चिखल कुठे असतो?"

"तुझ्या वहीत असतो."

खरे कलावंत करतात तसं मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

शनिवारी माझ्या पाट्या लावून बस निघाल्या. हेडफोनमध्ये आधी वाहवा. मग मागच्या बसमधली मुलगी, तिकडे दादाला अबांग म्हणतात तसं, म्हणाली, "हजवान अबांग, तुमच्या नंबराखाली हे ०८.२७ काय आहे?"

"तुझ्याही आहे की."

"पावाच्या पिशवीवर असतं तसं? शिळी होते का आपली बस?"

हे काय विचारणं! नंबराखाली महिना आणि वर्ष असतंच. आमच्याकडे पाच वर्षांनी मुदत संपते, मग नवी पाटी. तारखेशिवायची पाटी मी जन्मात पाहिलेली नाही. त्यांच्या पाट्यांच्या फोटोंत ती दिसेना, तेव्हा मला वाटलं फोटोच धुरकट आहेत, आणि मोठ्या मनाने मी तारीख घालून ते सुधारून घेतले.

इथे शहाण्या मुलीने गप्प बसावं. मी म्हणाले, "नवा नियम आलाय, अबांग. तुमच्याकडे."



"आमच्याकडे आला," हजवान म्हणाला, "आणि कळला कुडुसला?"

जो काही हशा पिकला! माइक बंद करून मी उशीत तोंड खुपसलं. गट हातचा गेला. आता वर्गात कुठल्या तोंडाने जाऊ? पण पळून गेले असते तर ती थाप कायमची माझ्या नावावर राहिली असती. माइक चालू केला.

"नियमबियम काही नाही. आमच्या पाटीवर तारीख असते. तुमच्या नसते, हे मला माहीतच नव्हतं. पुसून देते."

"पुस. आणि ऐक," हजवान अजून हसतच होता, "पुढच्या शनिवारी आम्ही गेममध्ये तुमच्या जावा बेटावर बस चालवणार आहोत. तारखेसकट परदेशी पाटी करून देशील? ती जमली तर गटात ये."

परदेशी! आमच्या अंगणातली!

सकाळी मी पोटावर पडून इबूच्या स्कूटरची पाटी पट्टीने मोजत होते. केळीच्या पानात भात बांधता बांधता इबू थांबली.

"काय चाललंय गं?"

"इबू, हिची मुदत गेल्याच वर्षी संपलीय."

"हळू बोल!" तिने आधी रस्त्याकडे पाहिलं. "आणि हिचं चित्र काढून लावणार कुठे?"

"जोहोरच्या सगळ्या बसना."

इबूने पान घट्ट दुमडलं. "मग तारीख तेवढी नवी टाक. बाहेरच्या लोकांत शोभा नको."