बायडाबाईचा जबाब

त्या चैत्रात बरडवस्तीवर अकरा म्हातारी माणसं आणि चौदा पोरं होती. बाकीचे सगळे दिवाळीच्या आधीच कोयते घेऊन ऊसतोडीला गेलते. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. वस्तीला लागूनच सहकारी साखर कारखाना, पण भागात ऊस नसल्यानं त्याचं गाळप बंद होतं, आणि त्याच कारखान्याचे सभासद परक्या जिल्ह्यात दुसऱ्यांचा ऊस तोडत होते. डिस्टिलरी मात्र चालू होती. बाहेरून टँकरनं मळी यायची, दारू गाळली जायची आणि उरलेलं काळं पाणी वस्तीच्या अंगाला खोदलेल्या तीन तळ्यांत सोडलं जायचं. दुष्काळात ती तळी आटून दाट झाली होती. वारा बहुतेक दिवस वस्तीकडंच.

बायडाबाई मागं राहिली होती ती नातीसाठी. शिवकन्या चौथीत होती आणि दीड वर्ष खोकत होती. सिरसाळ्याच्या डॉक्टरनं औषध दिलं, वर सांगितलं की औषध नावाला आहे, पोरीला त्या हवेतून काढा. सून भिवरा हंगामाला निघताना स्पष्ट बोलून गेली होती. खोकला थांबला तर ठीक, नाहीतर पुढच्या दिवाळीला पोरगी आमच्याबरोबर उसाच्या फडावर, कोपीवर येईल, शाळा गेली चुलीत. भिवराचं चुकत होतं असं बायडाबाईला वाटत नव्हतं. पण कोपीवर गेलेली पोर परत शाळेत बसलेली तिनं पाहिली नव्हती. ती स्वतः नऊ वर्षांची असताना गेलती.

म्हणून तिनं शाळेतल्या राधाकिशन गुरुजींकडून तळ्यांच्या वासाविरुद्ध अर्ज लिहून घेतला, म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले आणि एसटीनं बीडला जाऊन प्रदूषणाच्या कचेरीत दिला. त्यावरून कारखान्याचा केमिस्ट बद्रीनाथ घरी येऊन गेला. शेजारच्या गावचाच पोरगा, चहा घेतला, गोड बोलला. म्हणाला, मावशी, कारखाना आपला, तुमच्या घरात शेअर, वस्तीला पाण्याचा टँकर देतो तोही कारखानाच. घरातली गोष्ट बाहेर कावून नेली?

"शेअर हाय म्हणूनच बोलले," बायडाबाई म्हणाली. "परक्याच्या घरात कोण बोलतंय?"

महिन्यानं कचेरीतला साहेब आला. जीपमधून उतरतानाच त्यानं रुमाल नाकाला लावला. हवा मोजायचं यंत्र त्यानं शाळेच्या गच्चीवर लावलं, तर वीज गेली आणि दिवसभर आली नाही. मग तो म्हणाला, वासाचा पंचनामा तरी करू. वास मोजायला यंत्र लागत नाही, इथं राहणाऱ्या दोन पंचांचा जबाब लागतो. पंच झाले धुळाजी आणि बायडाबाई.

बद्रीनाथानं अदबीनं सुचवलं की जबाब पारखून घ्यावा, उद्या कुणी खोटा म्हणायला नको. त्यानं दोन तांबे आणवले. एकात तळ्यातलं पाणी, एकात टँकरचं. वर फडकी बांधली. पंचांनी हात न लावता, नुसतं हुंगून तळ्याचं कोणतं ते सांगायचं. साहेबाला त्यात वावगं दिसलं नाही.

धुळाजीनं उभा जन्म तपकीर ओढली होती. त्यानं दोन्ही तांबे हुंगले आणि दोन्हीला लई घाण येते म्हणून सांगितलं.

"टँकरचं पाणी तर तुमी रोज पिताव, तात्या," बद्रीनाथ म्हणाला.

"मंग? चांगलं हाय म्हणून पितो व्हय बे?"

माणसं हसली. साहेबानं 'ओळखता आलं नाही' असं लिहून घेतलं. मग बायडाबाई वाकली. पहिल्या तांब्याशी तिनं खोल श्वास घेतला. दुसऱ्याशी घेतला. पुन्हा पहिल्याशी आली. ओल्या फडक्याचा गारवा नाकाला लागला, बाकी काही नाही. नाक चोंदलेलं नव्हतं, श्वास मोकळा होता. मागं एकदा उतलेलं दूध करपलं ते पोरीनं ओरडून सांगितलं होतं, तेव्हा तिला वाटलं होतं आपलं लक्ष नव्हतं. साहेब सात-आठ हात लांब उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

एक बोट कुठल्याही तांब्याकडं केलं असतं तर बरोबर निघायची निम्मी आशा होती. तिनं ते केलं नाही.

"मला काईच येत न्हाई," ती म्हणाली.

साहेब लिहू लागला.

"साहेब, येत न्हाई ह्येच लिवा. आधी येत हुता. तळी झाल्यावर लई येत हुता. आता बाईचं नाकच गेलं, असं लिवा."

साहेबानं कागद उलटून पाहिला. "बाई, इथं वास येतो किंवा येत नाही, एवढंच आहे."

"तुमाला येतो का न्हाई?"

"माझा जबाब चालत नाही," तो म्हणाला, आणि रुमाल तोंडावरून न काढता त्यानं शाईचा पॅड पुढं केला. बायडाबाईनं अंगठा दिला.

आठ दिवसांनी तोडणीवाल्यांचा ट्रक आला. भिवरा खाली उतरली ती पदर तोंडाला लावून रस्त्याच्या कडेला ओकली. म्हाताऱ्या हसल्या, सासरचा वारा सोसंना व्हय म्हणाल्या. दरवर्षी असंच व्हायचं. चार-पाच दिवसांत माणसांना सवय व्हायची. बायडाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"कसा येतोय गं?" तिनं विचारलं.

"काय आत्याबाई?"

"वास. कसा येतोय?"

भिवरानं तोंड पुसलं. "मेलेलं जनावर गुळात शिजवावं तसा."

बायडाबाई गुरुजींना घेऊन पुन्हा बीडला गेली. तोडणीवाले आलेत, त्यांना वास येतो, त्यांचे जबाब घ्या. तिथल्या कारकुनानं सांगितलं की पंचनामा झाला, प्रकरण वर गेलं. आषाढात उत्तर आलं: स्थळपाहणीत पंचांच्या जबाबानुसार दुर्गंधी आढळून आली नाही, अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

दिवाळीच्या आधी ट्रक भरला. शिवकन्या पुढं, पत्र्याच्या पेटीवर बसली. खोकत होती, पण मुंबईपेक्षा लांब जायचं आहे का, असं बापाला विचारत होती.

पौषात फोन आला. पोरीचा आवाज स्वच्छ होता. खोकला गेला म्हणाली, उसाच्या शेंड्याच्या, वाढ्याच्या मोळ्या बांधायला शिकले म्हणाली. बायडाबाई बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राधाकिशन गुरुजी हजेरीपट घेऊन ओट्यावर आले. दोन महिने गैरहजर, वरून तपासणी आहे, काय करू, त्यांनी विचारलं. पोरगी परत येणार असेल तर नाव ठेवतो.

"हितं आणून काय करू, गुरुजी?" बायडाबाई म्हणाली. "काढा."