कोबेची घरमालकीण

“ऐकून कुणाला खरं वाटणार न्हाई, पण जपानी बोली मी भाकरीवर शिकलो,” मन्मथअप्पा पुतण्याला म्हणाले.

पुतण्या लिंगराज पिंगळीच्या फलाटावर एका जागी ठरत नव्हता. कधी सिग्नल बघायचा, कधी वळकटी आवळायचा, मधूनच खिशातली चिठ्ठी चाचपायचा. कापसाच्या पेढीनं त्याला दोन वर्षं कोबेला धाडायचं ठरवलं होतं. परत आल्यावर जपानी व्यापाऱ्यांशी दलालाविना बोलता आलं पाहिजे, नाहीतर पेढीची पायरी चढायची नाही, असं शेटजींनी बजावलं होतं. वर्षभर पुस्तक घोकून झालं होतं, पण तोंड काही उघडत नव्हतं. त्याच्या आधी गेलेले दिनकरराव कोबेतल्या आपल्या देशी लोकांच्या खानावळीत दोन वर्षं वरणभात जेवले आणि चोख गुजराती शिकून आले. खिशातली चिठ्ठी त्याच खानावळीची होती. पोरगं परमुलखात उपाशी राहू नये, म्हणून आई भागम्मानं दहा जणांना विचारून ती मिळवली होती.

“खानावळीत पाऊल ठेवू नको,” अप्पा म्हणाले. “मी एका जपानी बाईच्या घरात खोली घेतली. बाई लय खट. ताट समोर धरायची, पण तिच्या बोलीत मागितल्याबिगर द्यायची न्हाई. दोन दिस उपाशी काढले. तिसऱ्या दिशी बोललो. महिन्याभरात तिच्याशी भांडायला लागलो. भांडता आलं की बोली आली बघ.”

“काका, जपानात भाकरी कुठली?”

“मी शिकवली की तिला. कडंला अंगठा दाबायची, अशी.”

शिदोरीची गाठ बांधणाऱ्या भागम्माचे हात थांबले. फडक्यातून भाकरीची कड दिसत होती. तिच्यावर अंगठ्याची खूण होती. लांबून गाडीची शिटी आली. लिंगराजनं खिशातून चिठ्ठी बाहेर काढली. चिठ्ठी ठेवावी की फाडावी?

“आई, काय करू?”

“भावजी,” भागम्मा दिराकडं न बघताच म्हणाली, “तुमी कोबे कधी बघितलं? मुंबईच्या धक्क्यावर आगबोट बघूनच माघारी आलाव. जिंतूरच्या घरात भिंतीकडं तोंड करून बसलाव, कुणाशी शब्द बोलत न्हवताव. ताट धरून उभी ऱ्हायलेली बाई मी हाय. तिसऱ्या दिशी भुकेनं तोंड उघडलं, ‘वैनी, वाढा’ म्हणलाव, तवा दिलं.” तिनं पोरापुढं हात पसरला. “लिंगराज, ती चिठ्ठी दे इकडं.”